केसपेपर कोणाचा?

कुठल्याही मोठ्या इस्पितळात रेकॉर्ड रूम शोधायची असेल तर फारसं कुणाला विचारावं लागत नाही. जिना खाली उतरायचा. आधी लाँड्री लागते, मग शवागाराकडे जाणारा रस्ता, मग ऑक्सिजनच्या सिलिंडरांची रांग, आणि जिथे ट्यूबलाइट फडफडत असते तिथे पाटी दिसते : एमआरडी, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंट. पुण्यातल्या एका धर्मादाय इस्पितळाच्या अशाच तळघरात माझी सगळी नोकरी झाली. मूळची मी बार्शीची. गावी गेले की ओळख करून दिली जायची, ‘ही हॉस्पिटलात असते, पण नर्स नाही हं, कागदांच्या खात्यात.’ लग्नाच्या वयाच्या भाचीनं एकदा विचारलं, ‘आत्या, तुझ्या कामात पुढे जायला काय असतं?’ तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता निवृत्तीनंतर सवड आहे, तर नीट सांगते.

या कामाचा इतिहास एका भांडणाचा इतिहास आहे : केसपेपर कोणाचा? डॉक्टर म्हणाले आमचा. मग इस्पितळ म्हणालं आमचा. मग सरकार, कोर्ट, विमा कंपनी असे एकेक वाटेकरी आले. सगळ्यात शेवटी ज्याच्या अंगावरचं ते लिखाण, तो रुग्ण आला. वाटेकरी वाढला की तळघरातल्या माणसाचं पद एकेक पायरी वर सरकलं. मात्र पगार आणि पाटी बदलली म्हणून बढती झाली असं मी मानत नाही. खरी बढती एकाच गोष्टीनं मोजायची : अपुरा केसपेपर डॉक्टरकडे परत पाठवायचा अधिकार तुमच्याकडे किती आहे?

सुरुवातीला तो अजिबात नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आपल्याला दिवा घेतलेल्या परिचारिका म्हणून ठाऊक आहेत. आम्ही तळघरातली माणसं त्यांना आमच्यातल्या मानतो. १८६० साली लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली, तिच्यापुढे त्यांनी सगळ्या इस्पितळांसाठी एकसारख्या तक्त्यांची योजना मांडली. किती आले, कोणत्या आजारानं आले, किती बरे झाले, किती दगावले, हे सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहावं. १८६३च्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’मध्ये त्यांची तक्रार अशी, की एका इस्पितळाची दुसऱ्याशी तुलना करावी अशा नोंदी जवळपास कुठेच मिळत नाहीत. मिळणार कशा? जो तो डॉक्टर आपल्या वहीत आपल्या सवडीनं लिहायचा, आणि ती वही त्याची.

अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये निदान या वह्या बांधून ठेवायची शिस्त होती. १८९७ साली तिथल्या ग्रंथालयावर ग्रेस व्हाइटिंग मायर्स या बाईंची नेमणूक झाली आणि रुग्णांच्या नोंदींचे खंडही त्यांच्याकडे सोपवले गेले. इस्पितळातल्या नोंदी सांभाळणं हे एका माणसाचं पूर्णवेळ काम असू शकतं, याचा आमच्या धंद्यातला पहिला दाखला म्हणून हे नाव घेतलं जातं. म्हणजे आमची वंशावळ डॉक्टरांकडून येत नाही, ग्रंथपालांकडून येते. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत या कामाला ‘मेडिकल रेकॉर्ड लायब्रेरियन’ असंच म्हणत. ग्रंथपालाच्या हाती पुस्तक येतं ते लिहून पूर्ण झालेलं. आमच्या हाती येतो तो केसपेपर बहुतेक वेळा अर्धवट. मायर्सबाईंचं दुखणं तिथूनच सुरू झालं असणार, कारण माझंही तिथूनच झालं.

दुसरी पायरी मिनेसोटातल्या रोचेस्टरची. मेयो बंधूंच्या दवाखान्यात हेन्री प्लमर नावाचे डॉक्टर होते. तिथेही प्रत्येक डॉक्टरची वेगळी खतावणी. रुग्ण पोटासाठी एकाकडे, गलगंडासाठी दुसऱ्याकडे गेला की त्याची हकिगत दोन जाड वह्यांत, दोन खोल्यांत विखुरलेली. १९०७ साली प्लमर यांनी वह्या बंद केल्या. रुग्ण आला की त्याला एक नंबर, आणि त्या नंबराच्या लिफाफ्यात त्याचे सगळे कागद. तो पुन्हा दहा वर्षांनी आला तरी नंबर तोच. आज हे इतकं साधं वाटतं की त्यात शोध तो काय लावला, असं कुणीही म्हणेल. पण त्या दिवशी केसपेपर डॉक्टरच्या खणातून निघून इस्पितळाच्या मालकीचा झाला. आणि इस्पितळाची वस्तू म्हटली की ती सांभाळणारा नोकर आला, नंबर देणारी खिडकी आली, खिडकीपुढची रांगही आली. आपल्याकडे सरकारी इस्पितळात शिरल्याबरोबर जे पहिलं वाक्य कानावर पडतं, ‘केसपेपर काढलात का?’, ते या व्यवस्थेचंच.

तिसरी पायरी चढताना मात्र ठिणग्या उडाल्या. बॉस्टनलाच, मायर्सबाईंच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये, अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक हट्टी शल्यविशारद होते. त्यांचं म्हणणं असं, की शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपलं नाही. वर्षभरानं रुग्णाचं काय झालं ते कार्डावर लिहा आणि बिघडलं असेल तर का बिघडलं तेही लिहा. सहकाऱ्यांना हे झेपण्यासारखं नव्हतं. १९१४ साली कॉडमन त्या इस्पितळातून बाहेर पडले. स्वतःच्या छोट्या इस्पितळात त्यांनी ३३७ रुग्णांचा हिशेब ठेवला, त्यात १२३ चुका मोजल्या आणि त्या छापून वाटल्या. त्यांच्या या आग्रहातूनच अमेरिकन शल्यविशारदांच्या संस्थेनं, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं, इस्पितळांची तपासणी हाती घेतली. पाच किमान अटी ठरल्या. त्यातली एक अशी, की प्रत्येक रुग्णाची नोंद अचूक, पूर्ण आणि मागितल्याबरोबर सापडेल अशी हवी. शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ इस्पितळं तपासली. उतरली फक्त ८९. नापासांच्या यादीत इतकी मोठमोठी नावं होती की १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमलेल्या पुढाऱ्यांनी ती यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून हॉटेलच्या भट्टीत टाकून जाळली, असा किस्सा त्या संस्थेच्या इतिहासात सांगितला जातो. नोंदी नीट ठेवा असं सांगणाऱ्यांनी पहिली नोंद जाळली, याची मला अजून गंमत वाटते.

यादी जळली, अट मात्र उरली. मान्यता हवी तर पूर्ण केसपेपर हवेत, आणि पूर्ण केसपेपर हवेत तर डॉक्टरच्या मागे लागणारं कुणीतरी हवं. १९२८ साली उत्तर अमेरिकेतल्या रेकॉर्ड लायब्रेरियन बायकांनी आपली संघटना बांधली आणि मायर्सबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९४१ साली एड्ना हफमन यांचं पाठ्यपुस्तक आलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आमच्या पिढीपर्यंत पोचल्या. आम्ही पुस्तकाचं नाव घेत नसू, ‘हफमनमध्ये बघ’ एवढंच म्हणायचो.

आता आपल्याकडे येते. १९४६च्या भोर समितीपासून १९६२च्या मुदलियार समितीपर्यंत, इस्पितळांतल्या नोंदी सुधारा असं अहवालांतून सांगितलं गेलं. १९६१ साली दिल्लीत केंद्रीय आरोग्य माहिती विभाग स्थापन झाला. पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये आणि दिल्लीच्या सफदरजंगमध्ये त्याच्या वतीनं दोन अभ्यासक्रम चालत आले : मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचा सहा महिन्यांचा आणि ऑफिसरचा वर्षाचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही या विषयात पिढ्या तयार केल्या. म्हणूनच जुन्या काळी महाराष्ट्रातल्या एखाद्या इस्पितळात रेकॉर्ड ऑफिसर भेटला की तो हमखास दक्षिणेत शिकून आलेला असायचा आणि आपल्या तळघरात दुपारी दहीभात खायचा.

मी बी. कॉम. होऊन कारकून म्हणून लागले. इस्पितळानं टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला पुद्दुचेरीला पाठवलं, आणि परत आले ती वेगळी होऊन. तोवर कागद म्हणजे गठ्ठा होता. तिथे शिकले की कागदाला क्रम असतो. रुग्ण घरी गेला की वॉर्डातून फाईल खाली येते. तिची जुळणी करायची : वर ओळखपत्रक, मग डिस्चार्ज कार्डाची प्रत, संमतिपत्रं, तपासण्या, शस्त्रक्रियेची टिपणं, सिस्टरांच्या नोंदी. मग त्रुटी काढायच्या. संमतीवर सही आहे पण साक्षीदार नाही. ऑपरेशन झालंय पण भूलतज्ज्ञाचा कागद नाही. रक्त चढवलं, पिशवीचा नंबर कुठेय? त्यानंतर आजाराचा कोड, त्यानंतर फाईल कपाटात.

कपाटाचीही विद्या असते. नवख्या माणसाला वाटतं फाईल एक, दोन, तीन अशा क्रमानं लावत असतील. तसं केलं तर सगळ्या ताज्या फाईली एकाच कोपऱ्यात येतात. तिथे चार माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात आणि बाकीची खोली रिकामी. म्हणून नंबर उलटा वाचायचा. ४८-२७-६३ असा नंबर असेल तर आधी ६३च्या कप्प्याकडे जायचं, तिथे २७ची थप्पी काढायची, तीत ४८वी फाईल. त्यामुळे नवी भर शंभर कप्प्यांत सारखी वाटली जाते, आणि एका वेळी दोनच आकडे डोक्यात धरायचे असल्यानं चूकही कमी. शेवटच्या आकड्यांना रंगीत पट्ट्या. हिरव्यात लाल दिसली की फाईल चुकीच्या घरात बसलीय हे दारातूनच कळतं. आमच्याकडचे मामा (इस्पितळात वॉर्डबॉय सगळे मामा आणि आया सगळ्या मावश्या) इंग्रजी अक्षर वाचत नसत, पण चुकीची पट्टी त्यांना माझ्याआधी दिसायची. फाईल बाहेर गेली की तिच्या जागी ट्रेसर कार्ड : कोणी नेली, कधी, कशासाठी. साहेबांनी घरी वाचायला नेलेली फाईल मिळवायची असेल तर ते कार्ड हीच आमची वसुलीची नोटीस.

आणि कोड. जगभरचे आजार एकाच यादीत बसवायचा उद्योग पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीपासून धरतात. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सहावी आवृत्ती हाती घेतली आणि तेव्हापासून नुसती मरणंच नाही, तर आजारपणंही त्या यादीत आली. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली, ती तीन जाड खंडांत. तिसऱ्या खंडात शब्द शोधायचा, पहिल्यात नंबर पडताळायचा, अडलं तर दुसऱ्यातले नियम. विषारी साप चावला तर विषबाधेचा एक कोड आणि चावण्याचा दुसरा, एक्स २०. कुत्रा चावला, डब्ल्यू ५४. बैलानं मारलं, डब्ल्यू ५५. झाडावरून पडला, डब्ल्यू १४. मे महिन्यात आंबे उतरवायच्या दिवसांत तो सारखा लागायचा. शेतात कोणत्या महिन्यात काय चाललंय हे मला तळघरात बसून कळायचं.

सरकार वाटेकरी झालं ते मरणाच्या दाखल्यापाशी. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहून द्यायची जबाबदारी डॉक्टरवर टाकली. इस्पितळातल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्यासाठी ४-अ. त्यात कारणाच्या तीन ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटी काय झालं, दुसरीत ते कशामुळे, तिसरीत त्याच्याही मुळाशी काय. नवा हाऊसमन हमखास पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून मोकळा व्हायचा. मी फॉर्म घेऊन वर जायची.

‘सर, खालच्या दोन ओळी?’

‘अहो मॅडम, हृदय बंद पडलं म्हणूनच गेला ना माणूस?’

‘सर, ते सगळ्यांचंच पडतं. कशामुळे पडलं ते लिहा.’

मग फाईल उघडायची. सेप्टिसिमिया. तो कशानं? पायाच्या गँगरीननं. ते कशानं? मधुमेहानं. तीन ओळी भरल्या की तो मृत्यू हृदयाच्या खात्यातून मधुमेहाच्या खात्यात जातो, आणि महापालिकेच्या आकडेवारीत, पुढे राज्याच्या, तो तसाच मोजला जातो. या पाच मिनिटांसाठी मला कुणी कधी शाबासकी दिली नाही. पण शहरात कशानं माणसं मरतात हे ठरतं ते या पाच मिनिटांत.

मुंबईनं हे फार आधी ओळखलं होतं. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं डॉ. डी. जे. जसावाला यांच्या पुढाकारानं मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली अशी ही देशातली पहिली. कॅन्सर झाला की कळवलंच पाहिजे असं बंधन डॉक्टरांवर नव्हतं, म्हणून नोंदवहीची माणसं स्वतः इस्पितळोइस्पितळी जायची : वॉर्ड बघायचे, पॅथॉलॉजीच्या वह्या चाळायच्या, रेकॉर्ड रूममध्ये बसायचं आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींशी ताळा घ्यायचा. एकच रुग्ण तीन इस्पितळांत तीन स्पेलिंगांनी सापडला तर तो एकच आहे हे पटवून घ्यायचं. रेकॉर्ड रूम नीट असेल तर त्यांचं काम एका दुपारचं, नसेल तर आठवड्याचं.

माझ्या बार्शीला याची पुढची पायरी गाठली गेली, हे सांगताना माझी कॉलर थोडी ताठ होते. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांसाठी नोंदवही सुरू झाली. भारतातली ग्रामीण भागातली ही पहिली. तिथे कपाटात फाईलच नसायची, कारण गाठ आली म्हणून इस्पितळात जायची रीतच नव्हती. मग नोंदवहीची माणसं गावोगाव गेली, लोकांना लक्षणं समजावली, संशय वाटेल त्याला बार्शीच्या इस्पितळात तपासणीला आणलं. नोंद ठेवायची तर आधी नोंद होण्यासारखं काही घडवावं लागलं. ‘कागदांच्या खात्यातली’ माणसं पायाला भिंगरी लावून फिरत होती, आणि माझ्या गावच्या लोकांना मात्र मी पुण्यात काय करते याचा पत्ता नव्हता.

कोर्ट वाटेकरी झालं आणि तळघराला पहिल्यांदा मान मिळाला; तोही भीतीपोटी. १९९५च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की रुग्णाला त्याच्या कागदांच्या प्रती नाकारता येणार नाहीत. २००२ साली मेडिकल कौन्सिलचे नियम आले : दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. तोवर खिडकीवरच्या माणसाला आम्हाला शिकवलेलं उत्तर एकच असायचं, ‘केसपेपर ही इस्पितळाची मालमत्ता आहे.’ मुलगा आईचे कागद मागायला चार-चार खेपा घालायचा आणि आम्ही त्याला अर्जावरून अर्ज लिहायला लावायचो. नियम आल्यावर त्याच खिडकीवर घड्याळ आलं.

त्याच सुमारास दुसरी एक रहदारी वाढली. तक्रार आली की एखादे मोठे साहेब, जे कधी जिना उतरत नसत, ते स्वतः खाली यायचे. ‘जरा फाईल बघू.’ हातात पेन. आमच्या इस्पितळात या प्रसंगावरून माझे वरिष्ठांशी खटके उडाले, आणि एकदा माझी बदली थेट लिनन स्टोअरला झाली, चादरी मोजायला. नियम साधा आहे : दुरुस्ती करायची तर एक आडवी रेघ, मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, वेळ. पांढरा रंग फासायचा नाही, मागची तारीख घालायची नाही, पान बदलायचं नाही. फाईल बघा, पण माझ्या टेबलावर बसून बघा. शेवटी व्यवस्थापनाच्या वकिलानंच त्यांना समजावलं की खाडाखोड झालेली फाईल कोर्टात डॉक्टरलाच बुडवते, आणि मी चादरींतून परत आले. त्यानंतर अपुरी फाईल वर पाठवली की ती सहीनिशी परत यायला लागली. माझ्या लेखी ही माझी बढती. पगारपत्रकात ती कुठेच दिसत नाही.

विमा आला तो सगळ्यांत मोठा वाटेकरी, कारण तो पैसे घेऊन आला. अमेरिकेत १९८३ साली मेडिकेअरनं निदानाच्या गटाप्रमाणे ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली आणि आमचा निरुपद्रवी कोड एकदम बिलाचा आकडा झाला. चुकीचा कोड म्हणजे बुडालेला पैसा, किंवा लबाडीचा आरोप. कोडिंग करणाऱ्याला तिथे परीक्षा, प्रमाणपत्र, दर्जा मिळाला. तिथलं काम मग समुद्र ओलांडून आलं. आधी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी बोललेलं टंकून देणारं ट्रान्सक्रिप्शन, मग कोडिंग. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिका आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीवर आली. सुमारे चौदा हजार कोडांची जागा अडुसष्ट-एकोणसत्तर हजारांनी घेतली आणि नवी मुंबई-पुण्यातल्या कार्यालयांना जीवशास्त्र, फार्मसी, फिजिओथेरपी शिकलेली मुलं हवीशी झाली. आमच्या सोसायटीतली एक मुलगी ओहायोतल्या म्हाताऱ्यांच्या खुब्याच्या हाडांचे कोड लावते. मला लागला नव्हता एवढा पगार तिला पहिल्याच वर्षी लागला. पण तिला मी विचारलं, ‘टिपण अपुरं असलं तर काय करतेस?’ ती म्हणाली, ‘प्रश्न लिहून क्वेरी टाकते. त्या डॉक्टरनं उत्तर द्यायलाच लागतं.’ मायर्सबाईंचं काम सव्वाशे वर्षांनी तिच्या हाती पोचलं होतं, आणि त्याला आता दात होते.

आपल्याकडे कॅशलेस, टीपीए (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारे मध्यस्थ), आणि मग सरकारी योजना आल्या. २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली. आज ती महात्मा फुलेंच्या नावानं चालते. तिनं प्रत्येक इस्पितळाच्या दाराशी आरोग्यमित्राचं टेबल आणलं : रेशनकार्ड बघा, पूर्वमंजुरी मागा, एक्स-रे आणि टिपणं चढवा, क्लेम अडकला तर कारण शोधा. तालुक्याच्या गावातल्या कितीतरी पोरापोरींना या टेबलानं इस्पितळात पाऊल ठेवू दिलं. त्यांना कुणी रेकॉर्डवाले म्हणत नाही, पण करतात ते आमचंच. फरक इतकाच, की आम्ही रुग्ण गेल्यावर कागद बघायचो, त्यांना तो खाटेवर असतानाच बघावा लागतो.

आणि शेवटचा वाटेकरी, खुद्द रुग्ण. २०२१च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. रुग्णाला १४ आकडी आभा क्रमांक. त्याच्या संमतीनं त्याच्या नोंदी एका इस्पितळातून दुसऱ्यात. प्लमर यांचा एक नंबर एका दवाखान्यापुरता होता, हा देशापुरता. त्याच वर्षी संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ अशांच्या यादीत आरोग्य माहिती व्यवस्थापनाचे व्यावसायिक आहेत, रेकॉर्ड अ‍ॅनालिस्ट आहेत, क्लिनिकल कोडर आहेत. मी तो कागद दोनदा वाचला. आमच्या खात्याचं नाव देशाच्या कायद्यात.

लोक विचारतात, सगळं कॉम्प्युटरवर गेलं, आता तुमच्या लोकांचं काय काम? अक्षर लावायचं काम गेलं, खरंय. त्याच्या जागी कॉपी-पेस्ट आलं. पहिल्या दिवशीची तपासणी पाच दिवस जशीच्या तशी, रक्तदाब रोज एकच. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाच्या टिपणात ‘दोन्ही पाय सामान्य’, कारण साचा तसा होता. वाईट अक्षर निदान वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुणी फसत नसे. सुबक टंकलेलं खोटं मात्र आता आभाच्या वाटेनं गावोगाव जाणार. अर्धवट कागद पूर्वी एका तळघरात पडून राहायचा. आता तो रुग्णाच्या मागे आयुष्यभर फिरेल.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. या कामात आज वाटा बऱ्याच आहेत. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमापासून पदवी-पदव्युत्तरपर्यंत शिक्षण आहे. रेकॉर्ड टेक्निशियन, ऑफिसर, कोडर, क्लेमचा तपासनीस, कॅन्सर नोंदवहीतला नोंदकर्ता, इस्पितळाच्या गुणवत्ता विभागात मान्यतेच्या तयारीचं काम, सॉफ्टवेअर कंपनीत डॉक्टर आणि प्रोग्रामर यांच्यामधला दुभाषा. आता २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आल्यानं कोणती नोंद कोणाला दाखवायची हे बघणाराही लागणार. पदनामं भारदस्त आहेत, एसीत बसायला मिळतं. मुलाखतीला जाशील तेव्हा पगार विचार, सुट्ट्या विचार, आणि त्यानंतर एवढं मात्र विचारायचं विसरू नकोस : ‘अपुरी नोंद डॉक्टरकडे परत पाठवली, तर इस्पितळ माझ्या बाजूनं उभं राहणार का?’ उत्तर द्यायला समोरचे अडखळले, तर पाटी काहीही असो, ते तुला चादरी मोजायलाच बोलावताहेत असं समज.